चार बोटांची सवत

कार्तिक लागला की आमच्या घरात माझी किंमत उतरते. तशी ती वर्षभर फार चढी असते असं नाही, पण कार्तिकात ती उतरताना मला स्वतःला ऐकू येते. पहाटे विहिरीच्या रहाटाचा आवाज येतो, मग अंगणातून ओल्या पायांचा, मग देवघरातल्या घंटेचा आणि त्यानंतर ह्यांचा. इतका मऊ, इतका लाडीगोडीचा आवाज, की अंथरुणात पडल्या पडल्या वाटावं, कोण बाई आली आहे घरात? बाई कुठली. चार बोटं उंचीचा पितळेचा रांगता बाळकृष्ण. एक हात जमिनीवर टेकलेला, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, आणि मान वर करून बघणं असं की आत्ताच्या आत्ता कुणीतरी याला उचलून घ्यायलाच हवं. ह्यांनी त्याला लग्नाच्या आधीपासून सांभाळलं आहे. म्हणजे थोरला मान त्याचा. मी धाकटी.

बालाघाटात कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासूनच धरतात. शेजारच्या हिंदी घरांचं पंचांग तसं, आणि इतकी वर्षं एका विहिरीवर पाणी भरल्यावर पंचांगंही थोडी एकमेकांत मिसळतातच. आजही तेच चाललं आहे. वैनगंगेकडून धुकं येतं आणि गल्लीच्या तोंडाशी घुटमळतं, जसं काही आत यायला परवानगी हवी. बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या आल्या आहेत. काळी साल दातानं फोडली की आत तळ्याची चव. गावाबाहेर धान कापणीला आलं आहे, आणि वारा तिकडून सुटला की सगळ्या गावाला नव्या तांदळाचा वास येतो, कचेरीतल्या कागदांनासुद्धा, असं हे म्हणतात. कचेरीतल्या कागदांचा वास घेणारा माणूस. याच्याशी मी संसार केला.

लग्न होऊन मी नागपूरहून इथं आले तेव्हा माझ्या आईनं निःश्वास टाकला होता. जावई देवभक्त आहे, व्यसन नाही, तुला त्रास नाही. आईला एक गोष्ट ठाऊक नव्हती. व्यसनी माणसाच्या बायकोला निदान भांडता येतं, चार शेजारणी तिच्या बाजूनं उभ्या राहतात. देवभक्ताच्या बायकोची बाजू घ्यायला कोण येणार? आमच्या शेजारी वच्छलावहिनी राहायच्या. त्यांचे यजमान ह्यांच्याच कचेरीत कारकून. त्यांच्यापाशी मी एकदा गाऱ्हाणं नेलं. वहिनींनी तुरीच्या शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे भाऊजी पूजा करतात, हे दुःख हाय तुमचं?" त्या म्हणाल्या. "मंग आमच्या यायले पाठवा थोडे दिवस तुमच्या घरी शिकाले. बारा वाजले तरी आंघोळीचा पत्ता नाही राहत."

आता त्यांना कसं सांगावं, की माझं दुःख पूजेचं नव्हतं. पूजा काय, करावी माणसानं. तेवढा वेळ स्वयंपाकघरात लुडबुड तरी होत नाही. माझं दुःख ऐकण्याचं होतं. हे त्याचं ऐकायचे.

किरनापूरजवळ ह्यांचं गाव. तिथं ह्यांचे चुलत काका, आणि दोन्ही घरांच्या बांधावर एक मोहाचं झाड. झाडाची फुलं कुणी वेचायची यावरून बोलणं बंद झालेलं. एका कार्तिकात हे देवापुढून उठले आणि म्हणाले, "काकाच्या पाया पडून येतो."

"काहून?" मी विचारलं. इथं येऊन एवढं मी शिकले होते.

"त्यानं सांगितलं."

त्यानं म्हणजे चार बोटांनी. कसं सांगितलं, कुठल्या आवाजात सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. नवऱ्याच्या खासगी गोष्टीत बायकोनं किती डोकवावं. हे सायकलवर टांग टाकून गेले. काकांनी ओट्यावर बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. वर म्हणाले, "आता आठवण आली का तुले?" हे पाया पडले, तेवढीच सायकल हाणत परत आले आणि काहीतरी गुणगुणत चाकांची धूळ पुसत बसले. चेहरा असा, जसं काही काकांनी मांडीवर बसवून पेढा भरवला.

आणि माझा भाऊ? लग्नात मानपानावरून माझ्या भावाचं आणि ह्यांचं बिनसलं होतं. त्याला दोन ओळी लिहा, एवढंच मी मागत होते, लग्न झाल्यापासून. दर वेळी उत्तर ठरलेलं: "पाहू." मी सांगितलं की 'पाहू', त्यानं सांगितलं की सायकल. आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाईचा जीव जळणार नाही?

मी देवाचं करत नव्हते असं नाही. उलट ह्यांच्यापेक्षा माझे उपास जास्त. पण माझा सगळा कारभार बाजाराच्या दिवशी चालतो तसा. सोळा सोमवार घे आणि माझ्या पोरीचा, सुमनचा, खोकला घालव. हरतालिका घे आणि धाकट्या बहिणीचं जमव. माझा देव मला द्यायचा, मी त्याला द्यायची, आणि दोघंही एकमेकांची भाजी पारखून घ्यायचो. ह्यांचं तसं नव्हतं. हे मागायचे नाहीत. फक्त विचारायचे, काय करू? आणि मग ते करायचे. हे मला फार उशिरा कळलं की यात मोठा फरक आहे. आणि कळल्यावर जळफळाट कमी व्हायला हवा होता तो वाढला.

ज्या वेळी ह्यांना आतून काही ऐकू यायचं नाही, त्या वेळेसाठी पुड्या होत्या. ही ह्यांच्या घरची जुनी रीत. पळसाच्या पानाच्या दोन सारख्या पुड्या करायच्या. एकीत लाल जास्वंदीची पाकळी, दुसरीत पांढरं तगरीचं फूल. प्रश्न मनातल्या मनात देवाला सांगायचा, पुड्या त्याच्यापुढे ठेवायच्या आणि घरातल्या लहान मुलीला एक उचलायला सांगायचं. लाल म्हणजे हो, पांढरं म्हणजे नाही. प्रश्न काय होता ते दिवेलागणीपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही. आणि उत्तर आलं की संपलं. पुन्हा विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. सासऱ्यांनी म्हणे अशाच एका पांढऱ्या फुलावर ह्यांच्यासाठी आलेली लांजीकडची चांगली सोयरीक सोडली होती. म्हणजे ह्या घरात मी आले तीही कुठल्यातरी पाकळीच्या कृपेनं. लाल की पांढरी, ते मला कुणी सांगितलं नाही.

ज्या कार्तिकाची ही गोष्ट, त्या वर्षी राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या. तोपर्यंत नागपूर आमची राजधानी. माझं माहेर राजधानीत, असं मी ऐटीत सांगायची. आता नागपूर पलीकडे जाणार आणि आम्ही अलीकडे राहणार, आमची राजधानी भोपाळ. भोपाळ कुठल्या दिशेला आहे हेही आम्हां बायकांना माहीत नव्हतं. कचेरीत मराठी लोकांना विचारणा झाली होती. ज्यांना नागपूरकडे जायचं त्यांनी दिवाळीच्या आत सांगावं. घराघरांत दुसरा विषय नव्हता. ओट्यावर, विहिरीवर, काकडआरतीहून परत येताना, सगळीकडे तेच: तुमचं काय ठरलं?

वच्छलावहिनींचं ठरलं होतं. "आमी तं चाललो बाप्पा," त्या म्हणाल्या. "इथं राहून पोरायले काय हिंदीत वाढवाचं? तुमी बी चला ना. बाजूबाजूनं खोल्या घेऊ."

मला तर चालायला लागायचं तेवढं बाकी होतं. आईला दमा. थंडी पडली की तिच्या छातीत जी शिट्टी वाजायची ती मला बालाघाटात ऐकू यायची. गोंदियाला गाडी बदलून जायचं, तेही ह्यांना रजा मिळाली तर. मी रोज ह्यांच्या पानात भाताबरोबर नागपूर वाढत होते. हे मुकाट्यानं जेवत. एक दिवस म्हणाले, "उद्या पुड्या ठेवतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा सवतीची मनधरणी केली. हे कचेरीत गेल्यावर देवघरात शिरले. त्याला उचललं, पदरानं पुसलं. एरवी मी त्याला धक्का लागू न देता बाजूनं झाडते. लोणी आणलं, त्यात खडीसाखर घातली. माझ्या नागपुरी लुगड्याच्या काठाचं एक चिंधूक जपून ठेवलं होतं, त्याचं अंगडं शिवून त्याला घातलं. म्हटलं, बाबा, तिकडे गेलं की तुला मोठं देऊळ दाखवीन, संत्री देईन. त्यानं तेवढ्याच निरागसपणे मान वर करून बघितलं. लाच घेणाऱ्याचा चेहरा नेमका असाच असावा.

सकाळी सुमनला आंघोळ घालून देवापुढे बसवली. पाच वर्षांची पोर. तिनं दोन्ही पुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे डोळे मिटून बसलेले. तिनं डावीकडची उचलली आणि उघडली. लाल.

ह्यांनी देवाला नमस्कार केला, पुडी त्याच्या पायाशी ठेवली आणि काही न बोलता कचेरीत गेले. मी मात्र फळीवरचे डबे उतरवायला घेतले. बंब घासला. गाद्यांचे दोर शोधले. दुपारी वच्छलावहिनींना सांगून मोकळी झाले, "आम्हीपण." वहिनी मला मिठी मारून रडल्या, मी त्यांना मिठी मारून रडले, आणि दोघींनी मिळून शिंगाड्यांचं टोपलं संपवलं. त्या दुपारी मला बाळकृष्णाचं इतकं प्रेम आलं होतं की विचारू नका.

दिवा लागला. हे हातपाय धुऊन आले, बांधलेल्या बोचक्यांकडे बघत उभे राहिले.

"कळलं म्हणायचं तुले," ते म्हणाले.

"कळायचं काय त्यात? लाल निघालं. चला नागपूरला."

"मी नागपूरचं नाही विचारलं."

माझ्या हातात डबा तसाच. "मग?"

"मी विचारलं, या वक्ती माझ्या मनाचं न करता तिच्या मनाचं करू का? तो हौ म्हनला." ह्यांनी बोचक्याची गाठ चाचपून पाहिली. "तुझं मन तं बांधूनच ठेवलंय तू. उद्या साहेबाले सांगतो."

आणि ते खुंटीवरचे आपले कपडे काढून घडी करायला लागले. राग नाही, रुसवा नाही. काकांच्या पाया पडून आले होते तेव्हाचाच चेहरा. एकेक सदरा काढायचा, हातानं सपाट करायचा, ठेवायचा. मी बघत राहिले. इतकी वर्षं मी ज्यासाठी जळत होते ते माझ्यापुढे मांडून ठेवलं होतं. ह्यांनी माझं ऐकलं होतं. अगदी देवाचं ऐकावं तसं ऐकलं होतं. आणि मला ते मुळीच गोड लागेना. एक तर माझं ऐकलं तेही त्याच्या सांगण्यावरून. माझ्या शिफारशीची चिठ्ठी सवतीनं दिलेली. आणि दुसरं असं, की समोरचा माणूस हात जोडून उभा राहिला की त्याच्याशी भांडता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. देवाला बिचाऱ्याला हे रोज सोसावं लागत असेल.

"तुमच्या मनात काय होतं?" मी विचारलं.

"आता त्याचं काय? हुकूम झाला."

"मी विचारते ना."

"नाही सांगत. हुकूम झाल्यावर आपलं बोलू नये."

"हुकूम काय झालाय? माझं ऐकायचं, हाच ना? मग ऐका. मी सांगते, तुमच्या मनातलं बोला."

हे अडकले. खरोखर अडकले, सदरा हातात धरून देवघराकडे बघायला लागले, सुटकेची काही वाट आहे का म्हणून. तिकडून काही उत्तर आलं नाही. मग खाली बसले आणि जमिनीकडे बघत बोलले.

"बाबा," ते म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे, गावी शेतीवर. "मी शनिवारी गावाले जातो. तं बाबा सकाळपासूनच सडकेवर येऊन बसते. मी सांजच्याले पोहोचतो हे माहीत हाय त्याहिले. तरी. लोकाले सांगते, हवा खाऊन राह्यलो म्हणून."

सायकलवरून दर शनिवारी हे जात होते आणि मला वाटत होतं, धानाचं बघायला जातात.

"मग हे आधी का नाही सांगितलं मला?"

"तुझी आई आजारी. तुले काय सांगू? म्हणून त्याले विचारलं."

तेव्हा मी भांडले. लग्नानंतर पहिल्यांदा नीट, पोटभर. माझी आई आजारी म्हणून गप्प बसलात, हे मला सांगायचं की त्या पितळ्याला? तुमचे वडील सडकेवर बसतात हे त्याला आधी ठाऊक, मला नंतर? त्याला न्हाऊ घालता, त्याच्याशी गुजगोष्टी करता, आणि मी काय नुसती भात वाढायला? आणि नवल असं की हेही भांडले. "तूच तं रोज नागपूर-नागपूर करून राह्यली होती, मंधात बोलाले जागा कुठं होती?" म्हणाले. सुमन दारात उभी राहून एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. दूध उतू जाऊन चूल विझली. वच्छलावहिनींनी भिंतीपलीकडून हाक मारली, "काय झालं हो?" मी ओरडले, "काही नाही, सामान बांधून राह्यलो." रागात माझं नागपुरी इकडचं होऊन जातं.

मग मी म्हटलं, "आपण राहू."

लोक याला त्याग म्हणतात. सासरच्या बायका अजून माझं नाव घेऊन नव्या सुनांना सांगतात. मी ऐकून घेते. खरं सांगायचं तर त्यात सासऱ्यांची माया होती, नाही कसं, पण तेवढीच नव्हती. गेलो असतो तर ह्यांनी जन्मभर म्हटलं असतं, त्यानं पाठवलं म्हणून गेलो. राहिलो ते मात्र माझ्या तोंडून. त्यानं माझ्या हाती सोपवलं, ठीक आहे. पण ठरवलं मी. निदान एवढी एक गोष्ट तरी माझी असू द्यावी, इतका हिशेबी विचार मी त्या विझलेल्या चुलीपाशी केला होता. मत्सराच्या पोटी माणूस काय काय चांगली कामं करतं.

सासऱ्यांना अजून पुष्कळ शनिवार मिळाले. आई मात्र पुढच्याच थंडीत गेली. गोंदियाला आमची गाडी पोहोचली तेव्हा नागपूरची सुटून गेली होती. आम्ही दोघं फलाटावर बसून राहिलो. माझं जे भांडण राहिलं आहे ते ह्यांच्याशी नाही, त्या पितळ्याशीही नाही; कोणाशी आहे ते मला आजवर नीट कळलेलं नाही. घरी आले आणि मी पुष्कळ दिवस देवघरात पाऊल टाकलं नाही. हे मात्र रोज पहाटे तसेच विहिरीवर. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाच्या खाली हेवा. ठरवलं मी होतं, म्हणून ओझं माझ्याकडे. ह्यांनी आपलं ओझं त्याच्यापुढे ठेवलं होतं आणि रिकाम्या हातानं उठले होते. ऐकणाऱ्याला एवढी विश्रांती असते हे मला कुणी सांगितलं असतं तर मीही एखादा शोधला असता ऐकायला. आता कुठे शोधू? जो घरात आहे त्याच्याशी माझे संबंध हे असे.

वच्छलावहिनी नागपूरला गेल्या, त्यांची पोरं मराठीत वाढली. माझी सुमन रागावली की हिंदीत रागावते. "रहने दो ना आई," म्हणते. तिनं कॉलेज केलं, आता इथल्याच शाळेत शिकवते. कोरं पातळ नेसून सकाळी निघाली की गल्लीतली पोरं "बहनजी नमस्ते" करतात, आणि मी दारातून बघते की ही माझीच ना. यंदा तुळशीचं लग्न लागलं की तिचं बघायचं ठरवलं आहे. एक स्थळ नागपूरचं, वच्छलावहिनींनीच सुचवलेलं. एक बैहरचं, जंगलखात्यातला मुलगा, घरी शेती. दोन्ही चांगली. ह्यांच्या घरात दोन चांगल्या गोष्टी समोर आल्या की काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून गेला आठवडा मी अंगणातल्या जास्वंदीवर डोळा ठेवून आहे.

आज पहाटे देवघरात घंटा वाजली आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी उठले. चहाचं आधण ठेवलं, ते उकळून गेलं. मग दाराच्या फटीशी जाऊन उभी राहिले. या वयात, गुडघ्यावर हात ठेवून. हे त्याला न्हाऊ घालून पुसत होते. केस पांढरे झाले आहेत ह्यांचे, बोटं थोडी कापतात, त्यामुळे पुसायला वेळ लागतो. त्याला मात्र काही झालेलं नाही. तो तेवढाच लहान, तसाच बघतो.

"तू सांगशील तसं करीनच," हे त्याला म्हणत होते, त्याच त्या मऊ आवाजात. "आजवर काय नाही केलं? पण हे पोरीचं हाय. तू जरा थांब. तिच्या मायले विचारून येतो आधी."

मला जमेल तितक्या चपळाईनं मी स्वयंपाकघरात परत आले. मागून पावलं आली, दारात थांबली.

"अवं, ऐकून राह्यली का? थोडं विचाराचं होतं तुले."

"कामात आहे," मी म्हटलं. काम काही नव्हतं. कणीक भिजवून झाली होती, तीच पुन्हा पुढ्यात ओढली आणि चांगली दाबून दाबून मळायला लागले. राहू दे थोडं ताटकळत. दोघांनाही.